डॉक्टरीण लेकीची चूक

“मालू, आत येऊ नको गो! तिथूनच बोल!...”

अष्टमी गावातल्या त्या एका खोलीत सगुणाबाई मागे सरत भिंतीला जाऊन टेकली. दोन वर्षांनी लेक दारात उभी होती... आणि तिच्या कडेवर थोरल्या लेकाची, जगनची, रंभा! वर्षाची सोडून आलेली नात केवढी झाली होती! काळजातून उसळलेली माया तिने तशीच गिळली.

नवऱ्यामागे खाडीकाठच्या मिठागरात टोपल्या वाहून तिने मालूला डॉक्टरीला घातलं होतं. मग तिलाच क्षयाने गाठलं. सहा महिने तिने एक गोळी चुकवली नाही; थुंकीची तपासणी स्वच्छ आली. पण सुट्टीवर आलेली मालूच म्हणाली, “आये, हा रोग भांड्यांतून, कपड्यांतून पसरतो. ताट वेगळं ठेव... रंभाला जवळ घेऊ नको.” होणाऱ्या डॉक्टरणीचा शब्द! जगनने आणि सुनेने तो वेदवाक्य मानला. तेव्हा नातीला झळ लागू नये म्हणून, कुणालाही दोष न देता, ती माउली गडब गावचं घर सोडून भावाच्या, नाथाच्या, या रिकाम्या खोलीत येऊन राहिली होती.

“आये, माझं चुकलं गो!” मालूला हुंदका आवरेना. “परवा आम्हा शिकाऊ डॉक्टरांची क्षयावर परीक्षा घेतली. भांड्यांतून पसरतो, असं मी लिहिलं... निम्म्या वर्गाने तेच लिहिलं! मग सरांनी समजावलं. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. भांड्यांतून नाही. तुझे कागदही दाखवले मी त्यांना. तू तेव्हाच बरी झाली होतीस, आये!”

भिंतीला टेकूनच सगुणाबाई खाली बसली.

“दोन वरसं मला कुणी हात नाय लावला, मालू. नाथापण जेवण दारात ठेवून जायचा... एवढी शिकलीस, मग कुणाला इचारलं का नाय?”

“मला ठाऊकच आहे, असं वाटलं गो...” रंभाला खाली ठेवून मालू तिच्या पायांवर कोसळली. “मला क्षमा कर!”

सगुणाबाईच्या मनात संताप उसळला. पण पायांवर पडलेले लेकीचे ते गरम अश्रू!... किती काळाने हे कातडं माणसाच्या ओलाव्याने भिजत होतं! तिने वाकून मालूच्या केसांवर हात ठेवला.

“बरी हाय ना मी? नक्की?”

“नक्की, आये! जगनदादा तुला घरी न्यायला पुलापाशी रिक्षा घेऊन थांबलाय. तुझ्यासमोर यायला लाजतोय.”

दोन वर्षं छातीवर ठेवलेली शिळा कुणी अलगद उचलून न्यावी, तसा सगुणाबाईने श्वास सोडला.

एवढ्यात रंभा आपली आपणच पुढे आली, तिच्या मांडीवर ऐसपैस बसली, आणि तिच्या मनगटावरच्या हिरव्या नक्षीवरून इवलंसं बोट फिरवू लागली.

“हे काय गो?”

“गोंदण हाय, बाय माजे...” सगुणाबाई म्हणाली. ते बोट फिरत होतं तसंच तिने फिरू दिलं.