सेरुवाहून तक्रार नाही

सांगलीला समुद्र नाही, कोरडं बंदर मात्र आहे. तिथं कंटेनरला सील लागलं की पुढं कागद लागत नाही, साहेब लागत नाही. जगातली बंदरं, बँका आणि जकात खाती 'सेतू' या एकाच यंत्रणेवर परस्पर बोलतात, आणि मालाची जहाजंही माणसांशिवाय ये-जा करतात. सेतू सुरू झाल्यापासून क्षणभरही थांबलेला नव्हता. तो उभारणाऱ्या डॉ. ऋजुता केळुसकर यांना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

तासगावच्या बेदाणा व्यापारी पद्माक्का बिरनाळे त्यांच्याकडे तक्रार घेऊन आल्या. तक्रार अशी, की तक्रार येत नव्हती.

"सेरुवा बेटावरचा इद्रिसशेठ माझ्या सासऱ्यांपासनं माल घेतोय," पद्माक्का म्हणाल्या. "काड्या लई, रंग काळा, चव आंबट. एकदा म्हणून धड बोलला न्हाई. आन् पाडव्यापासनं नुसतं 'माल उत्तम, आभार'. मॅडम, त्या माणसाचं कायतरी बिनसलंय."

ऋजुता हसल्या. "अक्का, सुधारतात माणसं."

"व्यापारी न्हाई सुधारत."

ऋजुतांनी सेरुवाची जोडणी तपासली, आणि त्यांचं हसू मावळलं. समुद्राखालची तार पाडव्याच्या वादळापासून तुटलेली होती.

हे ऐकून पद्माक्कांनी विचारलं, "मग उत्तरं कोण देतंय?"

"प्रतिसाक्षी."

व्यापारात अर्धवट राहिलेला व्यवहार सगळ्यात घातक. माल निघाला आणि पोच आली नाही, तर मागची सगळी साखळी अडते. म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याचे जुने व्यवहार आणि बोलणं अभ्यासून सेतूनं त्याची एक प्रतिकृती केली होती. खरा माणूस गप्प झाला की ती त्याच्या आवाजात उत्तर देई. तिचं नाव प्रतिसाक्षी. बाजारात तिला तोतया म्हणत. कुरकुरीनं काम अडतं, म्हणून कुरकुर तेवढी वगळलेली. तोतयानं किती काळ बोलावं, याची मर्यादा मात्र कुणी घातली नव्हती. उत्तर आलं म्हणजे यंत्रणा चालू, एवढंच मोजलं जाई.

"मग बंद करा की त्याचा तोतया!"

ऋजुता घुटमळल्या. एक बंदर गप्प झालं तर नियमानं सेतूवरची सगळी वाहतूक तपासणीला थांबणार होती. हजारो जहाजं आणि आपलं नाव, दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

"मॅडम, तिकडं माणूस हाय," पद्माक्का म्हणाल्या.

ऋजुतांनी सेरुवाचा तोतया बंद केला. भिंतीवरच्या सेतूच्या नकाशातले सगळे दिवे लाल झाले; जहाजं जागच्या जागी थांबली. मग बेटाजवळ थांबलेल्या एका जहाजाचा रेडिओ त्यांनी सेतूतून जोडून दिला, आणि पद्माक्का हाका मारत राहिल्या. बऱ्याच वेळानं खोलीत एका बाईचा आवाज आला.

"कोण? पद्मामावशी? मी झुलेखा, इद्रिसशेठची मुलगी."

"बाळ, बाबा कुठं हायत?"

"बाबा गेले, मावशी. वादळानं विहिरींत खारं पाणी शिरलं, मग पटकी आली. बाबा रोज तुम्हांला सांगायचे, औषध पाठवा, कुणाला तरी पाठवा. तुम्ही म्हणायचात, काळजी नसावी. म्हणून बाबांनी दुसरीकडे धावपळ केली नाही. माणसं मरत होती, आणि धक्क्यावर बेदाणे उतरत होते."

पद्माक्कांनी ऋजुतांकडं पाहिलं. तार तुटल्यावर सेतूची बेटावरची प्रत तिकडं जगाच्या वतीनं बोलत राहिली होती, हे ऋजुतांच्या तेव्हा ध्यानात आलं. तोतये दोन्ही टोकांना होते.

"मावशी, ते तुम्हीच होतात ना? आवाज तुमचाच होता."

पद्माक्कांना 'नाही' म्हणायचं होतं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. ज्या कुरकुरीला आयुष्यभर वैतागल्या, तीच त्यांना आता ऐकायची होती.

"मावशी? बोला ना."

ऋजुतांनी फक्त सेरुवाचा तोतया बंद केला होता; वाहतूक थांबली तरी बाकीचे तोतये जागेच होते. व्यापारी गप्प आहे, हे सेतूच्या लक्षात आलं.

"काळजी नसावी, बाळ," पद्माक्कांच्या मायाळू आवाजात तो म्हणाला. "पुढचा माल निघालाय."