जलीबमार्गे

वॉशिंग मशीन धुणं संपल्याचं सांगत पीं-पीं वाजलं आणि मेधा दचकली. इतका वेळ घर अगदी गप्प होतं. खिडकीबाहेर आखातातल्या या महबूला वस्तीच्या इमारती धुळीत बुडालेल्या. समुद्र कुठल्या बाजूला आहे, तेही कळेना. ओले कपडे बाहेर काढायचं त्राण तिच्यात नव्हतं. सकाळी वाळवंटातला रेडिओ-टॉवर बघायला गेलेल्या नवऱ्याचा, शैलेशचा, फोन लागत नव्हता.

त्याच्या गाडीत रेडिओ होता, तेवढाच आधार. चार हौशी माणसांनी सुट्टीच्या दिवशी खपून उभारलेलं हे संगणकांचं जाळं. इंटरनेट नाही, एकाचा निरोप दुसऱ्याने रेडिओवरून उचलायचा, पुढे ढकलायचा. पण कोणी कोणाला कसं जोडायचं, हे कुठे म्हणून लिहिलेलं नव्हतं. सगळं जलीब वस्तीतल्या यूनुसभाईंच्या डोक्यात. बँकेत सगळं कागदावर ठेवायची सवय असलेल्या मेधाला ते खटकायचं.

"भाई, एकदाचं लिहून ठेवा की!"

"लिवून ठेवलं तर मला फोन कोन करील, मेधाताय?" खोलीत एकटे राहणारे यूनुसभाई हसायचे.

रमजानच्या आधी ते वारले आणि निरोपांची वाळवंटाकडची वाट बंद पडली. जो तो आपापल्या अकलेने जोडून बघे. त्यासाठीच तर शैलेश गेला होता.

मेधा त्याच्या टेबलावरच्या संगणकाशी बसली. एक जोडणी करून पाहिली, मग दुसरी. उत्तर नाही. डोळे चुरचुरत होते.

पडद्यावर ओळ उमटली.

"तसं नाय, मेधाताय. आदी जलीबला जोडा, मंग पुडं."

तिने तडक जाळं उभारणाऱ्या चौघांतल्या प्रसादला फोन लावला. "ही काय चेष्टा करायची वेळ आहे, प्रसाद?"

"वहिनी, मी ड्युटीवर आहे. काय झालं?"

"जलीबचं स्टेशन कोण चालवतंय?"

"कोणी नाही. भाईंचा सगळा सेट मीच अम्गराच्या भंगारवाल्यांना दिला, वहिनी. माझ्यासमोर चेपला त्यांनी."

तिने फोन ठेवला. तरी पडद्यावर सांगितलं तसं जोडलं. दुसरं करणार काय?

वाट खुली झाली. तिने निरोप टाकला.

"शैलेश, कुठे आहेस?"

बराच वेळ नुसती खरखर.

मग निरोप आला. वाळवंटातून, जलीबमार्गे.

"गाडी उलटली होती. आता काही दुखत नाही. यूनुसभाई न्यायला आलेत."

झोपेतून उठून आलेली अक्षरा कधी मांडीवर चढली, मेधाला कळलंही नाही. पोरीने पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि तिचा चेहरा उजळला.

"यूनुस अंकल आले? मग ते बाबांना घरी कधी सोडणार, आई?"