चिठ्ठीतलं दुसरं नाव

तांदळाच्या पोत्यांमागे कोणी लपतं का? तेही सहा फुटी, तिशीला टेकलेला सॉफ्टवेअर इंजिनियर? पण ईशान लपला होता. रेडमंडच्या इंडियन ग्रोसरीत मी कोथिंबीर निवडत होते आणि सोना मसुरीच्या थप्पीवरून त्याचे केस मला स्पष्ट दिसत होते.

"ईशान! तू परत कधी आलास?"

"अं... सोमवारी."

"आज बुधवार आहे! एक मेसेज नाही?"

"जेट लॅग," तो बाहेर येत म्हणाला. खोटारडा! कान लालभडक झाले होते. तीन वर्षं आम्ही एकाच टीममध्ये आहोत, त्याचे कान मला चांगले ठाऊक आहेत.

ईशान व्हिसा स्टॅम्पिंगसाठी चेन्नईला गेला होता. तिथून तीन तासांवर मलर्वल्ली अम्मन देवीचं हजारएक वर्षं जुनं देऊळ आहे. तिथे मुला-मुलीच्या नावाने अर्चना केली की लग्न मार्गी लागतं, असं आईच्या भिशीतल्या रुपालीमावशीने सांगितलं. झालं! नागपूरहून हुकूम सुटला, "तुझा तो मित्र चाललाच आहे ना? त्याला सांग." मग मीच चिठ्ठी लिहून दिली. स्वानंदी, रोहिणी नक्षत्र, काश्यप गोत्र. खाली सुशांतचं नाव, नक्षत्र, गोत्र. सुशांत म्हणजे ओहायोतल्या डब्लिनचं स्थळ. दोनदा व्हिडिओ कॉल झाला होता. मुलगा चांगला, नावं ठेवायला जागा नाही.

खरं सांगू? चिठ्ठी देताना मी ईशानच्या तोंडाकडेच बघत होते. एकदा तरी विचारेल, कोण हा सुशांत... मला तो आवडायचा. दोन वर्षांपासून. पण त्याने शांतपणे घडी घातली, पाकिटात ठेवली आणि म्हणाला, "डोन्ट वरी, करतो." शनिवारी मेसेज आला, 'अर्चना झाली.' तीन दिवस मी त्या दोन शब्दांकडे बघत बसले, आणि काल आईला सांगून टाकलं की माझा होकार आहे.

"प्रसाद कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने जॅकेटच्या आतल्या खिशातून कुंकवाची पुडी काढली.

"खिशात घेऊन फिरतोयस?"

"द्यायची हिंमत होत नव्हती."

"कुंकू द्यायला हिंमत लागते?"

"स्वानंदी... बाहेर चल ना. प्लीज."

मी कोथिंबीर तिथेच ठेवली. बाहेर नेहमीची भुरभुर चालू होती. आम्ही दुकानाच्या छपराखाली, शॉपिंग कार्टच्या रांगेशेजारी उभे राहिलो.

"देऊळ फार सुंदर आहे गं," तो भराभर बोलायला लागला. "अकरा वाजताच दगड इतका तापलेला, मी उड्या मारत गेलो. जीन्स चालत नाही म्हणून दाराशी लुंगी घेतली. ती सुटेल म्हणून एका हाताने धरलेली—"

"ईशान, मुद्द्यावर ये."

"आत अंधार. फक्त समया आणि मोगऱ्याचा वास. देवी एवढीशीच आहे... हिरवं रेशीम, नाकात चमकी. माझं डोकंच बंद पडलं यार. पुजाऱ्याने मुलीचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग मुलाचं विचारलं..." त्याने शेजारच्या कार्टचा दांडा धरला. "मी म्हणालो, ईशान."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं.

"क्काय?"

कार्ट ढकलत येणाऱ्या एक काकू दचकून थांबल्या.

"अरे, देवीसमोर? माझ्या नावाने? तुला... घाईघाईत निघून गेलं असेल ना तोंडातून?"

"नाही ना! पुजाऱ्याने नक्षत्र विचारलं. माझं मला कुठे माहीत? तो म्हणाला, विचारून या. फोन आत चालत नाही. म्हणून बाहेर आलो, आईला फोन करून विचारलं आणि परत लाईनीत लागलो."

"किती वेळ?"

"पावणेदोन तास."

एकदा तोंडातून निघालं तर चूक म्हणू. पण अनवाणी, तापल्या दगडावर, पावणेदोन तास?

"चिठ्ठी मुठीतच होती," तो हळूच म्हणाला. "सुशांतचं नक्षत्र तयार लिहिलेलं. दोन मिनिटांत काम झालं असतं."

"आणि मला कळवलंस काय, तर 'अर्चना झाली'!"

"झालीच होती ना..."

"गाढवा! त्या मेसेजवर मी सुशांतला होकार दिलाय! नागपुरात गुरुवार उजाडलाय, चांगला दिवस. आई नऊ वाजता त्यांच्या घरी फोन करणार आहे!"

आता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तिकडे किती वाजले?"

"साडेसात."

"सॉरी," तो म्हणाला. "तुला न विचारता असं करायला नको होतं. तू... तुला हवं ते कर. मी मध्ये येणार नाही."

अस्सा राग आला मला!

"आलास की मध्ये! देवीला सांगितलंस, पुजाऱ्याला सांगितलंस, तुझ्या आईलासुद्धा सांगितलंस! आणि मी? तीन वर्षं रोज तुझ्यासमोर बसते, मी काय खांब आहे?" माझे डोळे भरून आले.

"वाटायचं, तू नाही म्हणशील. मग तू चिठ्ठीच दिलीस..."

"आत्ता सांग."

"अं?"

"देवीला सांगितलंस ते. मला सांग."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला तू आवडतेस. खूप. मला तुझ्याशी लग्न करायचंय."

मी फोन काढला आणि आईला लावला. स्पीकरवर.

"आई, नऊचा फोन करू नकोस." मग एका दमात सगळं सांगून टाकलं. अर्चना, नक्षत्र, दुसऱ्यांदा लावलेली रांग.

पलीकडे चहाचा कप बशीत आपटला. "अगं बाई! असं कोणी करतं का? देवीच्या दारात?" मग, "आहे का तो तिथे? त्याला दे."

"नमस्कार, काकू," ईशान माझ्या हातातला फोन घेत म्हणाला.

"देवीपुढे बोललास, ते माझ्या मुलीपुढे कधी बोललास?"

"आत्ताच, काकू. पाच मिनिटं झाली."

"मग? काय म्हणाली ती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तर अजून काहीच म्हटलं नव्हतं. मी त्याचा हात धरला.

"सांग ना आईला," मी म्हणाले. "हो म्हणाली."