मामाजींची दिवटी

वात मोठी नको करू पोरी, तशीच राहू दे. नागपूरले दीक्षा घेऊन आलो, त्याच्या पुढच्या चैत्रातली गोष्ट. मी जत्रेत बांगड्या भराले गेलती.

आमचं गाव नेरच्या अलीकडं. जत्रेत देवीच्या गाड्यापुढं दिवटी आमच्याच घरानं धराची, अनवानी, तेलानं हात पोळत. गाव त्याले मान म्हने. मान कायचा, वेठ होती मेली! माहे सासरे उकंडाजी, आमचे मामाजी, जलमभर दिवटी धरून दीक्षेच्या आंधीच गेले. त्या वर्षी आमचे मालक डोमाजी यायनं साफ सांगतलं, "आता आमी बौद्ध. दिवटी धरनार नाही."

माहा हात बांगडीवाल्याच्या हातात, आन जत्रा एकदम चिडीचूप झाली. दिवस बुडून राह्यलता. जवसाच्या तेलाचा जळका वास आला... पाह्यते तं गाड्यापुढं दिवटी पेटलेली, मानसानं हातात धरल्यावानी उंचीवर. धरनारं कोनी नाही. पन लंगडत चालून राह्यली होती. मामाजी असेच चालत.

मारोतराव पाटील वरडला, "पाहा! उकंड्या मेला, पन मान नाही सोडला. डोम्या, धर! नाही तं तुहा बाप असाच फिरन."

मालकाचा हात पुढं झाला. बाप होता ना त्यायचा! मी मनगट धरलं. भेव? अवं, होतंच. पन राग त्याहून मोठा होता. चूक आमचीच. जित्यायनं दीक्षा घेतली, घरचे देव नदीत सोडले. मेलेल्यायले कोनी सांगतलंच नव्हतं!

डोक्यावर पदर घेतला आन दिवटीपुढं उभी राह्यली.

"मामाजी... आपली वेठ सुटली. ठेवा ते खाली. घरी चाला."

दिवटी थांबली. हळूहळू खाली आली, धुळीत टेकली आन इझली.

घरी येऊन ओसरीत गडवाभर पानी ठेवलं. रिकामा झाला. भरला. परत रिकामा. बोलावलं होतं एकट्यालेच...

मालक हळूच म्हने, "कांता... आंगनात किती जन हायेत वं?"

"आजे-पणजे असतीन. तहानेले हायेत."

घागर सरली. मंग सरळ गावाच्या विहिरीवर गेली. तिथं आमची सावलीबी चालत नव्हती. मारोतराव पारावरच बसला होता. अडवाले उठला, माह्या मागं पाह्यलं, आन गपकन खाली बसला.

मी दोर सोडला. घागर बुडाली, भरली, वर येऊ लागली... पोरी, मी दोर नुसता धरला होता. ओढत मी नव्हती.