बदलीचं मशीन

सांगलीला जाऊन मशीन बदलून आणायचं, एवढंच काम होतं. सकाळी पलूसहून निघालं की दुपारच्या जेवणाला परत घरी, असा मनुबाईचा अंदाज.

तिचे यजमान सुभेदार हंबीरराव यांना झोपेत श्वास अडकायचा आजार होता. पलटणीत होते तेव्हा त्यांच्या घोरण्याला अख्खी बराक हसायची. निवृत्त होऊन घरचा ऊस बघायला लागले, आणि ते घोरणं मधेच थांबायला लागलं. एकदा थांबलं की मनुबाई उशाशी उठून बसायची, पुढच्या श्वासाची वाट बघत. शेवटी डॉक्टरांनी मशीन दिलं. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि नळीतून सतत येणारी हवा. हृदय कमजोर झालंय, तेव्हा दुपारी पाठ टेकली तरी मशीन लावायचं, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

ते मशीन आता जुनं होऊन शिट्टी मारायला लागलं होतं. नवं विम्यातून मिळणार होतं, पण कंपनीची मंजुरी काही येत नव्हती. सांगलीच्या दुकानातल्या जयराजनं त्यावर तोड काढली.

"काकू, मंजुरी आली की नवं घरपोच करतो. तवर हे बदलीचं न्या. तुमचं जुनं राहू दे हितंच."

"वापरलेलं हाय व्हय?"

"व्हय, पन सर्व्हिस केलंय. मास्क कोरा देतो की."

त्याच दुपारी हंबीररावांनी ते लावलं आणि आडवे झाले. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. वारा पडला होता, पानसुद्धा हलत नव्हतं. मनुबाई खाटेशेजारी डाळ निवडत बसली. जुन्या मशीनची शिट्टी नव्हती, बरं वाटलं. मग तिचं लक्ष आवाजाकडं गेलं. हा आवाज खोल होता, चढण चढून आलेल्या माणसाच्या धापेसारखा. यजमानांची छाती खाली जायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात कुणीतरी हळूच आणखी एक श्वास घ्यायचं.

आणि वास आला. ओल्या लोकरीचा.

"ह्यो… ह्यो… र्र्र…" हंबीररावांनी झोपेतच जिभेनं आवाज काढला. "रंगे… मेंढरं मोज गं… एक कमी हाय…"

मनुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. यांच्या सात पिढ्यांत कुणी मेंढरं राखली नव्हती. आणि रंगी कोण?

उठल्यावर हंबीरराव मात्र ताजेतवाने. "लय गाढ झोप लागली, मने. सपनात नुसता माळ. हातात काठी, आन् मी आपला चालतोय."

तिनं काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज मशीन नको. नुसतंच पडा जरा." ते पडले. डोळा लागतो न लागतो तोच श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडू लागले. हलवलं, हाका मारल्या, तरी श्वास फिरेना. शेवटी तिनंच मास्क चढवला आणि बटण दाबलं. त्या खोल आवाजानं त्यांची छाती वर उचलली, तेव्हा तिनं देवाचे आभार मानले. मग आपण नेमके कुणाचे आभार मानतोय, हे तिचं तिलाच कळेना.

पुढं रोज तेच. ती खाटेपाशी बसायची, ते माळावर फिरायचे. एका दुपारी मात्र त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच तिच्याकडं तोंड वळवलं. आवाज त्यांचा नव्हता. घोगरा, दमलेला.

"रंगे… ही बाई कोन बसलीय माझ्यापाशी?"

मनुबाईनं अंगणात येऊन जयराजला फोन लावला. आधी तो उडवाउडवी करत होता. मग ओशाळला.

"काकू, ते आटपाडीकडच्या एका म्हाताऱ्याचं हाय. धुळाबा म्हणून मेंढपाळ हायत. त्यांचा पोरगा मल्हार गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तिकडं तामिळनाडूत असतोय, त्यानं घेतलेलं. ते दुरुस्तीला आलेलं, नव्याची त्यांचीबी मंजुरी अडकलीय. मग काकांचं जुनं नीट करून त्यांना दिलं, आन् त्यांचं तुमाला."

"म्हंजे म्हातारं जित्तं हाय?"

"व्हय की! का वो?"

मेलेल्याचं असतं तर तिनं उतारा टाकला असता. जित्या माणसाला काय करायचं?

सोनाराकडं जाऊन येते, असं सांगून ती एसटीनं निघाली. विट्याच्या पुढं ऊस संपला आणि उघडं रान लागलं. जयराजनं सांगितलेल्या वाडीत पोचली तेव्हा उन्हं डोक्यावर होती. दगडी घर, पुढं काटेरी कुंपणाचा मेंढवाडा. दारात एक उंच, सडपातळ म्हातारी उभी होती, जणू वाट बघत असल्यासारखी.

"रंगुबाई तुमीच का?"

"व्हय. तुमी?"

"मी मनुबाई. पलूसची."

रंगुबाईनं दाराची चौकट धरली.

"रोज तुमाला हाका मारत्यात," ती हळूच म्हणाली. "झोपंत. हिंदीत बोलत्यात, सलाम ठोकत्यात. आमचं म्हातारं कवा साळंतबी गेलं न्हाई, बाई…"

आतून शिट्टी ऐकू आली. बारीक, ओळखीची, दुरुस्तीनंही न गेलेली. मनुबाई उंबऱ्याशी गेली. आत वाकळेवर एक रापलेला म्हातारा झोपला होता, डावा हात गालाखाली घेऊन. हंबीरराव झोपायचे, तसाच.

"मने…" मास्कच्या आतून शब्द आला. "आलीस व्हय? घरला चल. हितं लय ऊन हाय…"

मनुबाई पाठमोरी होऊन अंगणात आली. रंगुबाईनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. दोघी मेंढवाड्याच्या सावलीत बसल्या.

"मशीन आपापली परत घिऊया," मनुबाई म्हणाली.

"घिऊया. पन बाई, दोगंबी जागं असताना. झोपंत न्हाई काढायचं. कोन कुटं गेलेलं असंल, काय ठावं…"

दोघींनी एकमेकींचे हात धरून तसं कबूल केलं. पण दोनच दिवसांत जयराज न सांगता पलूसच्या दारात उभा राहिला, नवं कोरं मशीन घेऊन. मंजुरी आली होती. हंबीरराव जेवून नुकतेच झोपले होते.

"उठू देत त्यास्नी," मनुबाई घाईनं म्हणाली. "तवर च्या घे. मशीनला हात लावू नगंस."

"बरं काकू. पन मला पुढं कराडला जायचंय."

चहा उकळत होता. मनुबाईचा सगळा जीव बाहेरच्या खोलीत, त्या खोल धापेकडं लागलेला. आणि मधेच धाप थांबली.

ती धावत आली. जयराजच्या हातात बदलीचं मशीन होतं, वायर गुंडाळत होता. "उशीर हुईत हुता, काकू. एका मिनटात नवं जोडतो…"

हंबीरराव ताडकन उठून बसले. तोंड उघडं, हवेसाठी धडपड. मग एक लांब श्वास आत गेला. त्यांनी डोळे उघडले. छताकडं पाहिलं, भिंतीवरच्या पलटणीच्या फोटोकडं पाहिलं, जयराजकडं पाहिलं. सगळ्यात शेवटी तिच्याकडं.

"मने," ते म्हणाले. "पानी दे."

तिचा जीव भांड्यात पडला.

दिवेलागणीला रंगुबाईचा फोन आला.

"बाई… आमचं म्हातारं गेलं."

"कवा? कसं वो?"

"दुपारीच, झोपंत. लाईट हुती, मशीन चालू हुतं. उठून बसलं, माझ्याकडं बगितलं… मला वळखलं न्हाई, बाई. 'मी हितं कसा,' म्हनालं… आन् गेलं."

मनुबाईनं फोन ठेवला. त्या वेळी हंबीरराव ओसरीवर चहा पीत होते. मुलांची नावं, उसाच्या सऱ्या, पलटणीतल्या सोबत्यांची गावं, तिनं आडून आडून सगळं विचारून पाहिलं. सगळं बरोबर सांगितलं. नव्या मशीनवर झोपही शांत लागू लागली, झोपेत बोलणं नाही की काही नाही. दिवस गेले. हळूहळू तिनंही मनाला समजावलं.

एका सकाळी फाटकाशी रंगुबाई उभी दिसली. मनुबाई लगबगीनं पुढं गेली, "या, आत या," म्हणाली. पण ती आत आली नाही. तिची नजर मनुबाईच्या खांद्यावरून ओसरीकडं लागली होती. तिथं सुपारी कातरणारे हंबीरराव थांबले होते. तेही बघत होते. कोण आलंय, असं त्यांनी विचारलं नाही.

"म्हाताऱ्याचं दिवस-कार्य नीट झालं न्हवं?" काहीतरी बोलायचं म्हणून मनुबाईनं विचारलं.

"केलं लोकांनी," रंगुबाई म्हणाली. नजर हलली नाही.

तेव्हा कुठं मनुबाईचं तिच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. रंगुबाईच्या कपाळावर कुंकू होतं. ताजं, ठसठशीत, आज सकाळीच लावलेलं.

मनुबाईचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाकडं गेला, आणि तिथंच थांबला.