तुम्ही निजा, मी बसतो

माझ्या लेकीचा, सिद्धीचा ताप उतरून आठवडा झाला, तरी मी रात्री उठून तिच्या नाकासमोर बोट धरते. श्वास लागला की आडवी होते. मग वाटतं, बोटाला लागला तो पंख्याचा वारा तर नव्हता? बी.एड. झालेल्या बाईने असं वागू नये हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

परवा वीज गेली म्हणून सगळे बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर बसलो होतो. सिद्धी माझ्या मांडीवर, झोपल्यासारखी. माझे सासरे माझ्याकडे बघत म्हणाले, "डोळे बघ तुझे, बाय. पास्टर जयराम असते तर तुला निजवलं असतं."

ते कोण, असं माझ्या दिरांच्या मुलाने, साईशने विचारलं आणि बाबांनी सांगायला घेतलं. घडलं ते शिवदासाच्या बाबतीत. खाणीवर बाबांबरोबर टिपर, म्हणजे मातीचा ट्रक, चालवायचा तो. गावाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. माणसं अजून तिथेच आहेत म्हणाले.

घाटावरून डिचोलीत खाणकामाला आलेल्या काही प्रोटेस्टंट घरांचं पत्र्याचं चर्च होतं, त्याचे हे पास्टर. आपल्याकडच्या कॅथलिक पाद्र्याला बायको नसते, यांना बायको आणि दोन मुली. लोक चेष्टा करायचे. ते म्हणायचे, बायको आहे म्हणून तर प्रार्थना मनापासून होते. मुलींना स्वतः शाळेत सोडायचे आणि वाटेतली चार पोरंही बरोबर न्यायचे. कोणाच्याही घरी, आपल्या नाहीतर दुसऱ्या धर्माच्या, मूल आजारी पडलं की हा माणूस संध्याकाळी हजर. औषध नाही, मंत्र नाही. पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची घ्यायची आणि आईला सांगायचं, ताई, तुम्ही निजा, मी बसतो. सकाळी चहा घेऊन जायचे. शिवदासाचा मुलगा टायफॉइडने पडला तेव्हाही ते असेच बसले होते.

खाणी बंद पडल्या, त्यांची माणसं पांगली, ते राहिले. पुढच्या पावसाळ्यात वारले. चर्चने दफनासाठी गावाबाहेर घेतलेली जागा होती. ऐन वेळी गावाला आठवलं की ती गावाच्या पिण्याच्या झरीच्या वरच्या अंगाला आहे. वाट अडवायला टिपर आडवा लावला, तो शिवदासाने. गाडीत मयत, गाडीसमोर त्या दोन मुली, छत्री धरून. संध्याकाळी शेवटी गाडी दफनासाठी घाटावर गेली.

"आणि ज्यांच्या पोरांपाशी ते बसले," बाबा म्हणाले, "त्यातली एकही आई आली नाही रस्त्यावर."

मी गेले असते का? काहीतरी कारण मला सापडलंच असतं. मी कारणं चांगली शोधते.

पुढच्या वर्षी, पिठोरी अमावास्येची रात्र. शिवदासाच्या नातवाला ताप. सून संजना गावात नवीन, पास्टरना कधी न पाहिलेली, दोन रात्रींची जागी. शिवदास स्कूटर घेऊन डिचोलीच्या फार्मसीत औषधाला गेला. औषध मिळालं, फार्मसीवाल्याशी चार गोष्टी झाल्या, साडेअकराला परत निघाला.

"त्या दफनाच्या जागेपाशी आला," बाबा म्हणाले, "आणि स्कूटर मागून बसली."

"पंक्चर?" साईश म्हणाला. "की भुताला हेल्मेट नव्हतं?"

बाबा हसले नाहीत. शिवदासाने उतरून बघितलं. चाकात हवा होती. मागे कोणी नव्हतं. पुन्हा बसला. पुन्हा तेच वजन. डबल सीट नेताना असतं तसं. वळणावर ते वजनही वळलं. तो बोलला नाही. मागूनही कोणी बोललं नाही... एकदा खोकला आला. म्हाताऱ्या माणसाचा.

दारात स्कूटर थांबली. मागचं वजन उतरलं.

दाराला आतून कडी. शिवदासाने हाक मारली. पुन्हा मारली. आत काही नाही... तो खिडकीशी गेला. समईच्या उजेडात सून गाढ झोपलेली. पोरगा झोपलेला. आणि पायथ्याशी खुर्ची... पाठमोरं कोणी...

त्याने तिसरी हाक मारली नाही.

शिवदास रात्रभर आपल्याच घराच्या पायरीवर, हातात औषध घेऊन बसला. उजाडल्यावर संजनाने दार उघडलं. ताप उतरला होता.

"बाबा, ते म्हातारे कुठे गेले?" ती सासऱ्यांना म्हणाली. "मी कोण म्हणून विचारलं, तर म्हणाले, शिवदासने आणलं."

खुर्ची रिकामी होती. बैठकीवर लाल माती, मूठभर, ओली. मुठीतून नुकती सोडल्यासारखी, वर बोटांचे वळ. पुरताना प्रत्येकाने टाकायची असते, तेवढीच.

"ती माती फेकली?" साईशने हळूच विचारलं.

"कुठे फेकणार? त्यांचा खड्डा तर घाटापलीकडे." बाबा उठले. "त्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही."

मी सिद्धीकडे बघितलं. ती टक्क जागी होती. झालं, मला वाटलं, आता महिनाभर हिची झोप उडाली. भुताची गोष्ट ऐकू देणारी आई मीच. ती घाबरले म्हणेल, म्हणून मी तिला जवळ ओढलं.

ती म्हणाली, "आई, सगळ्यांना निजवून ते आजोबा कुठे निजतात?"