वळणावरचा अ‍ॅक्सिलरेटर

शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्या. लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच आहेत. लंडनजवळच्या पिनरमधल्या शशीकाकांनी अंधार पडल्यावर आम्हा पोरांना सांगितली तशी ही हकीकत. पुष्कर त्यांच्याच गॅरेजमध्ये कामाला होता, म्हणून खोटी म्हणवत नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. मधुमतीकाकूंची गाडी पुष्कर तिसऱ्यांदा तपासत होता. त्यांचे डॉक्टर यजमान जाऊन वर्ष झालं होतं. शुक्रवारी सकाळपासून नात तनिषा ती गाडी घेऊन हॉस्पिटलला जाणार होती. पण रात्री गाडी काकूंच्या घरापुढच्या वळणावर आली, की पाय न लावता इंजिन दोनदा गुरगुरायचं. पुष्करने वायरी पाहिल्या, सेन्सर बदलला, दुपारी तर अ‍ॅक्सिलरेटरचं अख्खं पेडलच नवं बसवलं. जुन्याचं रबर फक्त डाव्या कोपऱ्यात पार झिजलेलं. डॉक्टरांचा उजवा पाय पोलिओने अधू, जाड तळाचा बूट तिथेच टेकायचा. शशीकाकांनी बजावलं होतं, तुझ्या सहीवर पोर मोटरवेवर जाणार आहे.

पुष्करचे डोळे मिटत होते. पावणेनऊला वळण आलं. त्याने गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, दोन्ही पाय मागे ओढून घेतले. पेडल किती दाबलंय ते दाखवणाऱ्या मांडीवरच्या रीडरवर आकडा शून्य.

शून्य...

तीस.

शून्य.

तीस.

मग सगळं शांत. पाय अजून मागेच होते.

तो उतरून काकूंच्या घरी गेला. दार उघडताच काकूच म्हणाल्या, “दोनदा ना?”

पुष्करने मान हलवली.

“नाइट ड्यूटीला निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून ही खूण. वळणावर ते दोनदा रेस करायचे. मी किचनचा दिवा बंद करून परत लावायचे. म्हणजे, ऐकलं, सावकाश या.”

“आणि आता?”

“आता ‘या’ कसं म्हणू रे?”



“काकू, उद्या तनिषा निघणार आहे,” पुष्कर थकून म्हणाला.

काकूंनी किचनचा दिवा बंद केला.

...

लावला.

त्यानंतर पुष्करने त्याच वळणावरून चार फेऱ्या मारल्या. आकडा शून्यावरून हलला नाही.

सकाळी सही करण्याआधी त्याने गाडीत वाकून पाहिलं. कालच्या नव्या पेडलचं रबर डाव्या कोपऱ्यात झिजून गुळगुळीत झालं होतं.

त्याने कागदावर ‘दोष नाही’ लिहिलं. किल्ली तनिषाला दिली. आणि ती वळण पार करेपर्यंत काकूंच्या किचनमध्ये, दिव्याच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिला.